शिडाची छोटी बोट वाऱ्यावर किती चालते, ते कसं मोजावं

किनाऱ्यालगत फिरणाऱ्या सात-आठ मीटरच्या बोटीबद्दल विचारलं की बहुतेक जण एकच आकडा सांगतात: सहा नॉट, म्हणजे तासाला सहा सागरी मैल. वारा बाजूने असताना एखाद्या चांगल्या दुपारी तो दिसलेला असतो. पण वारा ज्या दिशेकडून येतो त्याच दिशेला बंदर असेल तर पोहोचायला किती तास लागतील, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी टॅक घेत घेत, म्हणजे वारा एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूला घेत नागमोडी चालून, बोट तासाभरात वाऱ्याच्या दिशेने (वारा येतो त्या दिशेकडे) नेमकी किती पुढे जाते, ते कळायला हवं. हा आकडा कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. तो स्वतःच मोजावा लागतो, आणि तीन छोट्या फेऱ्यांत मोजून होतो.

आधी थोडं कागदावर. १९४२ साली स्वीडनमध्ये आखलेली नॉर्डिक फोकबोट उदाहरणाला घेऊ. लांबी ७.६८ मीटर, पाणरेषेची लांबी ६ मीटर, वजन सुमारे १,९३० किलो, त्यातलं साधारण निम्मं कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) बिडाचं, आणि शिडं २४ चौरस मीटर. पाणरेषेच्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून २.४३ने गुणलं की बोटीच्या वेगाची नैसर्गिक मर्यादा मिळते. इथे ती जवळपास ६ नॉट येते. त्या वेगाला बोटीने उठवलेली लाट तिच्याच लांबीची होते आणि बोट त्या लाटेच्या खोलगटात अडकते. वारा वाढला तरी वेग फारसा वाढत नाही, फक्त दोरांवरचा ताण वाढतो.

दुसरं गणित शिडं आणि वजन यांच्या गुणोत्तराचं. किलोमधल्या वजनाला १,०२५ने भागा, उत्तराचा २/३ घात काढा आणि त्याने शिडांच्या क्षेत्रफळाला भागा. रिकाम्या फोकबोटीचं उत्तर १५.७ येतं. आता चार माणसं, पिण्याचं पाणी, नांगर-साखळी, इंधन, सामान असे ४०० किलो चढवा: उत्तर १३.९ होतं. हलक्या वाऱ्यात ही बोट सुस्त वाटते त्याचं कारण हेच. म्हणून वजन कधीही भरलेल्या बोटीचंच धरा.

आता पाण्यावर. वारा ८ ते १२ नॉट, स्थिर, आणि भरती-ओहोटीच्या उलटफेराची वेळ निवडा. एखाद्या नांगरलेल्या बोयाजवळून (तरंगत्या खुणेजवळून) जा. त्याच्या एका बाजूला पाण्याची रेघ उठत असेल तर प्रवाह अजून चालू आहे, थांबा. मुंबईच्या बंदरात हे फार सांभाळावं लागतं. उधाणाच्या दिवसांत प्रवाह इतका जोरात असतो की जीपीएसचा आकडा बोटीबद्दल काहीच सांगत नाही.

सुरुवातीच्या जागेची जीपीएसवर खूण करा. एका टॅकवर १० मिनिटं, मग दुसऱ्या टॅकवर बरोबर १० मिनिटं चालवा. शेवटच्या जागेपासून खुणेपर्यंतचं सरळ अंतर सागरी मैलांत वाचा आणि ३ने गुणा. अंतर ०.९७ मैल असेल तर वाऱ्याच्या दिशेने तुमचा वेग २.९ नॉट. वळताना गेलेला वेळ त्यात धरला गेलाच.

ही फेरी तीन वेळा करा: एकदा वाऱ्याला अगदी चिकटून, एकदा नेहमीसारखी, एकदा जरा सैल. अशा बोटीवर साधारण असे आकडे दिसतात. चिकटून, वाऱ्याशी ४५ अंशांत ३.६ नॉट, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने २.५. ५० अंशांत ४.५ नॉट, म्हणजे २.९. ५८ अंशांत ४.९ नॉट, म्हणजे २.६. सर्वांत जास्त वेग तिसऱ्या फेरीत दिसला, पण बंदर लवकर दुसरीनेच गाठलं. चिकटून चालवण्याचा मोह सर्वांना होतो. तिथे वेग पडला की कीलची पाण्यातली पकड उरत नाही आणि बोट बाजूला घसरते. प्रवाह नसताना कंपासची दिशा आणि जीपीएसची दिशा यांतला फरक म्हणजे ही घसरण. दोन्ही टॅकवर त्याची सरासरी घ्या. ती ५ अंशांच्या आसपास ठीक, १० झाली तर काहीतरी चुकतंय.

आकडा कमी आला तर पहिल्यांदा सुकाणू बघा. टिलर (सुकाणूची दांडी) हलकेच वाऱ्याकडे ओढून धरावी लागणं चांगलं, ३ ते ५ अंश. त्याहून जास्त ओढावी लागत असेल तर सुकाणूचं पातं पाण्यात ब्रेकसारखं आडवं उभं असतं. कारण बहुधा बोट फार कललेली असते. कलल्यावर शिडांचा जोर बोटीच्या बाहेर सरकतो आणि तिला वाऱ्याकडे वळवू लागतो. २० अंशांच्या पुढे कलत असेल तर ट्रॅव्हलर (मेनसेलच्या दोरीचा आडवा सरकणारा गाडा) खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर सोडा, मेनसेल (मुख्य शीड) चपटं करा, तेवढ्याने भागलं नाही तर रीफ घ्या, म्हणजे शीड लहान करा. रीफ घेतल्यावर वेग वाढलेला पाहून नवख्यांना आश्चर्य वाटतं. जुनं, पोटाळलेलं शीड मात्र कितीही ताणलं तरी चपटं होत नाही. त्याला उपाय नवीन शीड.

मग टेलटेल, म्हणजे वारा कळावा म्हणून शिडाला लावलेले लोकरीचे धागे आणि रिबिनी. जिबच्या (पुढच्या शिडाच्या) वाऱ्याकडच्या बाजूची लोकर वरच्या भागात आधी फडफडली तर शीट-कार (शीट, म्हणजे शीड ताणायची दोरी, ज्यातून जाते तो सरकता गाडा) पुढे घ्या, खालच्या भागात आधी फडफडली तर मागे. मेनसेलच्या वरच्या बॅटनजवळची (शिडातल्या ताठ पट्टीजवळची) रिबीन शिडामागे जाऊन लपलेलीच राहत असेल तर शीट जास्त ताणलीय.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: १० नॉटचा वारा १४ झाला की शिडांवरचा दाब जवळपास दुप्पट. आणि बोटीवर जाणवणारा वारा खऱ्यापेक्षा वेगळा असतो. १२ नॉटच्या वाऱ्यात ४.५ नॉटने वाऱ्याच्या दिशेने चढताना तो १५ लागतो, पाठीवर घेऊन जाताना जेमतेम ७-८. म्हणून वारा पाठीशी असताना निवांत वाटतं आणि वाऱ्याकडे वळल्याबरोबर बोट आडवी पडू लागते. रीफ वळायच्या आधी घ्या.

तळाकडे दुर्लक्ष करू नका. आपल्या उबदार पाण्यात शेवाळ आणि बार्नेकल फार लवकर धरतात. तळ घासण्याआधी आणि नंतर तीच २० मिनिटांची फेरी करा, फरक आकड्यातच दिसेल. आउटबोर्ड (मागे लावलेलं इंजिन) पाण्याबाहेर उचला, मागे ओढलेली डिंगी (छोटी होडी) आत घ्या.

हे आकडे वहीत वाऱ्याच्या वेगानुसार लिहून ठेवा आणि प्रवास त्यांवरच आखा. हिवाळ्यात कोकण किनाऱ्याने उत्तरेकडे निघालात तर दुपारचे खारे वारे वायव्येकडून, म्हणजे जवळजवळ तोंडावर येतात. १० मैलांना २.९ नॉटने साडेतीन तास लागतात, खवळलेल्या समुद्रात आणखी. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून, बाजूने मिळतात. तेव्हा तेच अंतर ५ नॉटने दोन तासांत कापता येतं. पहाटे चारला नांगर उचला आणि वारा फिरायच्या आत खाडीत शिरा.