वाचनालयाचा ग्रुप बोलता झाला

आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात आणि वाढदिवसांचा इतका पूर, की नव्या पुस्तकांची यादी कुणाला सापडायचीच नाही. मग व्हॉट्सॲपवरच कम्युनिटी बनवली, म्हणजे अनेक ग्रुप एकाच छत्राखाली. तिच्या सूचना-ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतात, त्यामुळे यादी तिथे. गप्पांना वेगळे ग्रुप: कादंबरीवाले, दिवाळी अंकवाले. सूचना-ग्रुपवर सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, हे बायकांना फार बरं वाटलं.

खरी जान आणली पोलने, म्हणजे ग्रुपवरच प्रश्न आणि पर्याय देऊन मतं घ्यायच्या सोयीने. पर्याय १२ देता येतात. मी चारच देतो आणि एकाच उत्तराची मुभा ठेवतो. टाईप करायला कंटाळणारे काकाही मत देतात. वर 'हेच का?' एवढं विचारायचं, की वाद पेटलाच! सुप्रभातवाल्यांना स्वतंत्र ग्रुप दिलाय. तो मी म्यूट केलाय.