खडपावरचा सी स्लग कोणत्या कुळातला, हे कसं ओळखावं?

गोव्यात हणजुणच्या खडपांवर ओहोटीच्या डबक्यात लिबलिबीत, रंगीत काहीतरी सरकताना दिसलं की आपण ‘सी स्लग’ म्हणून मोकळे होतो. पण ते कुळाचं नाव नव्हे. समुद्री गोगलगायींच्या वेगवेगळ्या घराण्यांनी आपापला शंख टाकला, तोही अनेकदा. त्यामुळे शंख नसलेले दोन जीव जवळचे भाऊबंद असतीलच असं नाही.

पावसाळा सरल्यावर अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी गाठा. पाणी पुरतं उतरण्याच्या तासभर आधी पोचा, सोबत भिंग आणि पांढरी वाटी असू द्या. जीव डबक्यातच पाहा. पाण्याबाहेर त्याचा नुसता गोळा होतो. वाटीत घेतलाच तर पाण्यासकट, आणि लगेच होता तिथे सोडा.

कागदासारखा पातळ आणि पाठीवर काहीच नसलेला असेल तर तो बहुधा चपटा कृमी, त्याला सोडून द्या. नाहीतर पाठ बघा. मागच्या टोकाला पिसांच्या फुलासारखे कल्ले असले तर डोरिड. पाठभर बोटांसारखी टोकं असली तर इओलिड. हा पठ्ठ्या हायड्रॉइड, म्हणजे जेलीफिशचे डंख मारणारे नातलग, खातो आणि त्यांच्या डंखपेशी न फुटता स्वतःच्या त्या टोकांत साठवतो! दोघेही नुडिब्रँक.

डोक्यावर सशाच्या कानांसारखी शिंगं आणि अंगाला रुंद झालर असेल तर सी हेअर. याची अंडी गुंतलेल्या शेवयांसारखी दिसतात. मी एकदा एकाला वाटीत घेतलं, तर आगळ ओतल्यासारखं सगळं पाणी जांभळं झालं आणि आत जीव आहे की नाही तेही दिसेना.

हिरव्या शैवालावर हिरवंच पान हललं तर तो सॅकोग्लोसन. तो शैवालाची पेशी टोचून रस पितो. काही जाती त्यातली हरितलवकं अंगात जपतात. आणि पाण्याबाहेर उघड्या खडपावर रांगणारा काळपट, खरबरीत जीव बहुधा ऑन्किडियम. तो हवेत श्वास घेतो.

आता वंशवृक्ष काढा. 1848 साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्सनं ‘ओपिस्थोब्रँकिया’, म्हणजे हृदयामागे कल्ले असलेल्यांचा, गट मांडला. पुढे दीडशेहून अधिक वर्षं बहुतेक सी स्लग त्यातच बसवले जात. 2010च्या सुमारास जनुकांच्या तुलनेनं तो मोडीत काढला. तेव्हा खोडावर ‘हेटरोब्रँकिया’, म्हणजे या सगळ्यांना सामावणारा मोठा गट, लिहा. एका फांदीवर नुडिब्रँक, शेजारी त्यांचे सख्खे प्लुरोब्रँक, म्हणजे अंगाच्या एका बाजूला कल्ला असलेले सी स्लग. दुसरीवर सी हेअर. सॅकोग्लोसन आणि ऑन्किडियम मात्र फुप्फुसवाल्या गोगलगायींच्या फांदीवर. म्हणजे ते हिरवं पान शेजारच्या डबक्यातल्या नुडिब्रँकपेक्षा पावसात परसातल्या अळूवर चढणाऱ्या गोगलगायीच्या जवळचं!

फोटोत डोकं, पाठ आणि सापडली तर अंडी घ्या. नुसत्या रंगावरून जात ठरवू नका. वेगवेगळ्या जाती एकमेकींसारख्या रंगतात.