राणीछाप रुपयापासून थिबा पॅलेसपर्यंत : व्हिक्टोरियाच्या काळातली इंग्रजांची मतं कशी शोधायची

आमच्या रत्नागिरीत पोरं प्रोजेक्टमधे लिहून देतात की इंग्रजांना साम्राज्याचा पहिल्यापासून गर्वच होता. तसं अजिबात नाहीये, मतं सारखी बदलत होती आणि ते घरच्या घरी तपासता येतं.

आधी देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया काढा, लक्ष्मीपूजनाला ठेवतात तो (चिंच लावून घासू नका प्लीज, अक्षरं जातात). राणीच्या बाजूला क्वीन लिहिलंय की एम्प्रेस ते वाचा. क्वीन म्हणजे १८७७ च्या आधीचा, एम्प्रेस म्हणजे १८७७ पासून पुढचा. हा बदल तेव्हाचा पंतप्रधान, हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा डिझरायली, यानं १८७६ ला कायदा करून आणला, आणि तेव्हा विलायतेतच विरोधातल्या लिबरल पक्षाच्या लोकांनी आरडाओरडा केला की ही असली पदवी आपल्या परंपरेतली नाही. आता गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे, हाच डिझरायली १८५२ ला एका पत्रात वसाहतींना गळ्यातली धोंड म्हणत होता, आणि १८७२ च्या क्रिस्टल पॅलेसच्या भाषणात तोच साम्राज्य टिकवायचं म्हणून मतदारांना साद घालतोय.

मग वहीत दोन रकाने करा, बोलले काय आणि केलं काय. "इंग्रजांना वाटायचं" असं वाक्य आलं की खोडा, कुणाला, कुठल्या साली, सत्तेत असताना की नसताना ते लिहा. लिबरल नेता ग्लॅडस्टनपासून सुरुवात करा, कारण त्याच्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १८७९-८० ला स्कॉटलंडमधल्या मिडलोथियन मतदारसंघाच्या प्रचारात तो अफगाण आणि झुलू युद्धांवर तुटून पडला, १८८० ला जिंकला, आणि १८८२ ला त्याच्याच सरकारनं इजिप्तमधे सैन्य घुसवलं.

आता थिबा पॅलेसला जा, शक्यतो सकाळी, आणि वही सोबत न्या. ब्रह्मदेशाचा राजा थिबा नोव्हेंबर १८८५ मधे पकडला गेला, नेमकी तेव्हाच ब्रिटनमधे निवडणूक चालू होती आणि भारतमंत्री होता रँडॉल्फ चर्चिल. थिबाच्या दरबारानं सागवानाच्या ब्रिटिश कंपनीला केलेला दंड आणि फ्रेंचांची भीती ही कारणं पुढे होती. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा. महिन्याभरात ग्लॅडस्टन परत पंतप्रधान झाला, पण त्यानं काही ते उलटं फिरवलं नाही. आपल्याकडे मात्र डिसेंबर १८८५ च्या मुंबईतल्या पहिल्या काँग्रेसनं खालसा करण्याला नापसंती दाखवली होती, हा तिसरा रकाना जरूर करा, पुस्तकात तो बहुतेक वेळा राहूनच जातो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

शेवटी बोअर युद्ध, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांशी इंग्रजांचं युद्ध, १८९९ ते १९०२. १९०० ला युद्धाच्या जोशात हुजूर पक्ष निवडणूक जिंकला, पुढच्याच वर्षी एमिली हॉबहाऊस या इंग्रज बाईनं इंग्रजांच्या छावण्यांमधे कोंडलेली बोअर बायकापोरं कशी मरतायत ते मांडलं, लिबरल नेता कॅम्पबेल-बॅनरमननं त्याला रानटीपणा म्हटलं, आणि १९०६ ला तोच मोठ्या बहुमतानं आला. आता थिबाच्या पानावर परत या आणि "केलं काय" रकान्यात लिहा : १९१० ला रत्नागिरीत राजवाडा दिला, त्याच्या राजधानीत, मंडालेला, परत पाठवलं नाही, १९१६ ला इथेच वारला.