जपानमध्ये पोलिसांनी हटकलं तर: या चुका टाळा

एप्रिल आणि ऑक्टोबर हे जपानी कंपन्यांत नवी माणसं रुजू होण्याचे महिने. त्यानंतर महिनाभरात मला फोन यायला लागतात. स्टेशनबाहेर पोलिसांनी अडवलं, झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) घरी होतं, आता काय होईल? सायकल थांबवली, आता काय होईल? फोन करणारा दरवेळी नवा असतो, चूक मात्र तीच, आणि तीही पाच मिनिटांच्या कंटाळ्यापायी झालेली. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी कायदा, कारण निम्मा घोळ इथेच होतो. पोलीस रस्त्यात थांबवून जी विचारपूस करतात तिला शोकुमु शित्सुमोन म्हणतात. तिचा आधार १९४८ चा पोलीस कर्तव्य कायदा. संशयाला वाजवी कारण असेल तर पोलीस थांबवून प्रश्न विचारू शकतात. पण उत्तर द्यायची किंवा चौकीवर यायची बळजबरी करता येत नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. इथपर्यंत वाचून आपली मंडळी खूश होतात आणि पुढचं वाचतच नाहीत. पुढचं आहे इमिग्रेशन कायद्याचं २३ वं कलम. १६ वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी रहिवाशानं झाइर्यू कार्ड कायम जवळ बाळगायचं आणि पोलिसांनी कामाचा भाग म्हणून मागितलं तर दाखवायचं. जवळ नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड. असून दाखवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ लाख येनपर्यंत दंड. म्हणजे कुठे चाललात, बॅगेत काय आहे, याचं उत्तर द्यायचं की नाही हे तुमच्या हातात; कार्ड दाखवायचं की नाही हे तुमच्या हातात नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

आता चुका.

फोनमधला फोटो. कार्डाचा फोटो म्हणजे कार्ड नव्हे. झेरॉक्सही नव्हे, लॅमिनेट केलेली झेरॉक्स तर नव्हेच. कार्डात चिप आहे, झुकवलं की रंग बदलणारी छपाई आहे, आणि पोलिसाला तेच बघायचं असतं. तरीही दर बॅचमधला एखादा शहाणा मला सांगतो, "दादा, मी फोटो काढून ठेवलाय, टेन्शन नाही."

हे प्रमाण अलीकडे वाढलंय, आणि माझ्या मते त्याचं कारण सुईका, म्हणजे रेल्वे-बसचं प्रीपेड कार्ड. पूर्वी सुईका पाकिटात असायचं, पाकिटाशिवाय स्टेशनात शिरता यायचं नाही, त्यामुळे झाइर्यू कार्ड आपोआप सोबत यायचं. आता सुईका फोनमध्ये गेलं, पैसे फोनमध्ये गेले आणि पाकीट टेबलावर राहायला लागलं. मग "खाली कोम्बिनीतच (छोट्या किराणा दुकानातच) तर चाललोय" म्हणून चप्पल अडकवून निघालेला माणूस नेमका तिथेच सापडतो. कोपऱ्यावरच्या कोम्बिनीसाठी कायद्यात सवलत नाही. कचरा टाकायला, मुलाला बागेत न्यायला, जॉगिंगला, कशालाच नाही. जॉगिंगवाले यात सगळ्यात पुढे, कारण त्यांच्या चड्डीला खिसाच नसतो.

माझा उपाय साधा आहे. फोनला मागे कप्पा असलेलं कव्हर घ्यायचं आणि कार्ड त्यात ठेवायचं. ते दिसायला बावळट दिसतं, बायको हसते, हसू दे. ऑफिसच्या आयडीच्या दोरीत कार्ड ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, कारण शनिवार-रविवारी ती दोरी खुंटीवर असते. पासपोर्ट मात्र घरीच ठेवा. कार्डधारकाला तो बाळगायची सक्ती नाही, आणि कार्ड व पासपोर्ट एकाच बॅगेत हरवले तर मग खरी वरात निघते.

दुसऱ्याची सायकल. परदेशी माणसाला बरेचदा अडवलं जातं ते सायकलवर. जपानमध्ये प्रत्येक सायकलची बोहान तोरोकु, म्हणजे चोरीविरोधी नोंदणी, १९९४ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. न करणाऱ्याला दंड मात्र नाही. दंड नाही म्हटल्यावर आपण ती गोष्ट किती मनावर घेतो हे वेगळं सांगायला नको. त्यात देशात परत जाणारा प्रत्येक जण आपली सायकल कुणाला तरी देऊन जातो. ती मग तिसऱ्याकडे जाते, चौथ्याकडे जाते, आणि सीटखालच्या स्टिकरवर नाव पहिल्याचंच राहतं.

मागे एका पोराचा रात्री साडेअकराला फोन आला. "दादा, कोबानमध्ये (पोलीस चौकीत) बसवलंय." मी गेलो तेव्हा साहेब खुर्चीत घामाघूम, सायकल बाहेर स्टँडवर, आणि एक तरुण पोलीस गुडघ्यावर बसून टॉर्चच्या उजेडात स्टिकरवरचा नंबर दुसऱ्यांदा वायरलेसवर सांगत होता. झालं होतं असं: सायकलचा पुढचा दिवा बंद होता, म्हणून थांबवलं. एवढंच कारण. कार्ड मागितलं, यानं फोनमधला फोटो दाखवला. सायकल कुणाची विचारलं, हा म्हणाला माझी. नंबर तपासला तर नाव निघालं भलत्याचंच. पुन्हा विचारलं, तेव्हा हा म्हणाला मित्राची. मित्र कुठे? भारतात. कधी दिली? आठवत नाही. म्हणजे पाच मिनिटांत चार उत्तरं, आणि दुसरं पहिल्यालाच खोटं पाडणारं.

सायकल चोरीची नव्हतीच. पण त्या पोलिसाच्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असतात? बेवारस सायकल उचलून वापरणं हाही इथे गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख येनपर्यंत दंड. "रस्त्यात पडलीच होती" हे वाक्य बचाव म्हणून कधीही वापरू नका, ती कबुली ठरते.

पुढे दोन पोलीस त्याच्यासोबत घरी गेले, कार्ड बघितलं. आणि कार्डाच्या मागे पत्ता होता कंपनीच्या गेस्ट हाउसचा, जे सोडून त्याला दोन महिने उलटले होते! तिथून चौकशीचा सूर बदलला. सायकलच्या मूळ मालकाला भारतात उठवून फोनवर आणलं, त्यानं दिल्याचं कबूल केलं, जबाब लिहून झाला आणि पहाटे पोरगा सुटला. सायकल ठेवून घेतली. पोलीस सुरुवातीपासून शेवटपर्यंत शांत होते, आवाज चढला नाही, चहासुद्धा विचारला. पण रात्र गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, पहिल्याच प्रश्नाला "मित्रानं दिली" असं का नाही सांगितलंस? म्हणाला, "गुंतागुंत नको म्हणून."

सायकल घेताना तीन गोष्टी मागा: जुन्या मालकानं रद्द केलेली नोंदणी, त्याच्या सहीचं हस्तांतरपत्र, आणि हे दोन्ही घेऊन सायकलच्या दुकानात तुमच्या नावावर नवी नोंदणी. नोंदणी प्रांतवार असते, त्यामुळे टोकियोहून चिबाला गेलात तर तिथे परत करा. देणारा माणूस उद्याच्या विमानानं निघालाय आणि नोंदणी रद्द करायला त्याला वेळ नाही, तर ती सायकल घेऊ नका. फुकट असली तरी नको. आणि दिवा दुरुस्त करा. रात्री बिनदिव्याची सायकल चालवणं म्हणजे पोलिसांना थांबवायला आयतं कारण देणं.

पत्ता. घर बदललं की १४ दिवसांच्या आत नव्या वॉर्ड ऑफिसात जाऊन कार्डाच्या मागे नवा पत्ता छापून घ्यायचा. उशिरालाही २ लाख येनपर्यंत दंड आहे, आणि योग्य कारणाशिवाय ९० दिवस लोटले तर व्हिसाचा दर्जाच रद्द होऊ शकतो. "ऑफिसातून सुट्टी मिळत नाही" हे योग्य कारण नाही. बऱ्याच वॉर्ड ऑफिसांत एखाद्या संध्याकाळी किंवा रविवारी खिडकी उघडी असते, आपापल्या वॉर्डाचं बघून घ्या. नोकरी बदलली तर १४ दिवसांत कळवायचं ते इमिग्रेशनला, वॉर्ड ऑफिसला नव्हे. हे लोक हमखास उलटं करतात.

संपलेली तारीख. मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला असेल तर निकाल लागेपर्यंत किंवा जास्तीत जास्त दोन महिने तुमचं राहणं कायदेशीरच असतं. खिडकीवर अर्ज केला तर कार्डाच्या मागे तसा शिक्का मारतात. ऑनलाइन केला तर शिक्का नाही, आणि पुढून बघणाऱ्याला फक्त संपलेली तारीख दिसते. अर्ज मिळाल्याचा ईमेल छापून कार्डासोबत ठेवा. छापूनच. रस्त्यात नेट चालत नाही तेव्हा इनबॉक्स उपयोगाचा नाही.

खिशातली सुरी. सहा सेंटिमीटरहून लांब पातं योग्य कारणाशिवाय बाळगणं गुन्हा, आणि लहान पातंही लपवून बाळगलं तर किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात अडकतं. किल्ल्यांच्या जुडग्यातलं ते चिमुकलं मल्टिटूल काढून ठेवा. "स्वसंरक्षणासाठी" हे तर मुळीच सांगू नका.

कुणालाही कार्ड देणं. मॉलचा गार्ड, इमारतीचा चौकीदार, ओळखपत्र मागणारा शेजारी यांना ते मागायचा अधिकार नाही.

हुज्जत. हिच्याबद्दल जरा सविस्तर, कारण हिचे बळी सुशिक्षित असतात. अमेरिकेतले व्हिडिओ बघून आलेली पोरं इथे पोलिसापुढे फोन धरून "माझे हक्क" सुरू करतात, तेही इंग्रजीत. तुम्हाला चेहरा बघून अडवलंय असं वाटत असेल तर ते वाटणं खोटं नाही. टोकियो बार असोसिएशननं (वकिलांच्या संघटनेनं) २०२२ साली परदेशी मुळं असलेल्या सुमारे दोन हजार लोकांना विचारलं, तेव्हा ६२.९ टक्के लोकांनी गेल्या पाच वर्षांत पोलिसांनी अडवल्याचं सांगितलं. त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये, टोकियोतल्या अमेरिकी वकिलातीनं आपल्या नागरिकांना याच गोष्टीचा इशारा दिला होता. जानेवारी २०२४ मध्ये तिघा परदेशी वंशाच्या रहिवाशांनी सरकारवर टोकियोच्या कोर्टात दावाही लावला. म्हणजे राग येणं रास्त आहे. पण ती लढाई कोर्टात, वकिलांमार्फत लढायची. फुटपाथवर ती तुम्ही हरणारच, कारण तिथे प्रश्न एवढाच असतो की तुमच्याजवळ कार्ड आहे का.

मी काय करतो ते सांगतो. थांबायचं, हात खिशाबाहेर. "रियू ओ ओशिएते कुदासाई", म्हणजे कारण सांगा, एवढं एकदाच म्हणायचं. मग कार्ड दाखवायचं. तेवढ्यात त्यांचं ओळखपत्र बघायला मागायचं; मागितलं की त्यांनी ते दाखवायला हवं. नाव किंवा नंबर लक्षात ठेवायचा. बॅग उघडायला सांगितलं तर नाही म्हणता येतं. पण घाईत असाल तर नाही म्हणू नका, कारण नाही म्हटल्यावर समजावणीचा कार्यक्रम अर्धा तास चालतो. मी बहुतेक वेळा उघडून दाखवतो. तत्त्वाचा आग्रह असणाऱ्यांनी माझं ऐकू नये, फक्त तो अर्धा तास हाताशी ठेवावा.

हात मात्र लावू नका. पोलिसाचा हात झटकला, खांद्याला धक्का लागला, कार्ड हिसकावून घेतलं, की तो सरकारी कामात अडथळा होऊ शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. अटक झाली की आरोपपत्राआधीच २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं. तशी वेळ आलीच तर "तोबान बेंगोशी", म्हणजे पाळीवरचा वकील, एवढे दोन शब्द म्हणा. बार असोसिएशनचा वकील एकदा मोफत भेटायला येतो. वकिलातीला कळवा असंही सांगा, तो हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातला आहे. आणि जो जबाब समजला नाही त्यावर सही करायची नाही. दुभाषा मागा, मजकूर वाचून दाखवायला सांगा, चुकलेलं दुरुस्त करायला लावा. "घरी लवकर जाता येईल" म्हणून केलेली सही पुढे फार महाग पडते.

आई-बाबांना विसरणं. देशातून ९० दिवसांसाठी आलेल्या आई-बाबांकडे झाइर्यू कार्ड नसतं, त्यामुळे त्यांना पासपोर्टच जवळ ठेवावा लागतो. मुलं ऑफिसला गेल्यावर बाबा सकाळी एकटेच नदीकाठी फिरायला निघतात, पासपोर्ट सुटकेसच्या तळाशी, मुलीनंच जपून कुलपात ठेवलेला. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता कुणाचे आई-बाबा आले की पहिला प्रश्न हाच विचारतो. गळ्यात अडकवायची पातळ पिशवी घ्या, तीत पासपोर्ट, आणि सोबत जपानीत लिहिलेली चिठ्ठी: राहण्याचा पत्ता, तुमचं नाव, तुमचा मोबाइल नंबर. बाबा म्हणतील, मी काय लहान आहे का? म्हणू देत. पिशवी शर्टाच्या आत जाते, कुणाला दिसत नाही.