पडीक कोंडवाड्यात जनावरांचा निवारा कसा चालवायचा

एसटीत ३१ वर्षं घंटी मारली. निवृत्त होऊन गावी आलो तर ग्रामपंचायतीनं हातात कोंडवाड्याची किल्ली ठेवली. "कंडक्टर काका, तुम्हाला हिशेब येतो, तुम्हीच बघा." आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, धारूरच्या घाटाजवळचं. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा, इंग्रजांच्या काळातला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडायचं, मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं. आता सोडवायला कुणी येत नाही, कारण मालकालाच ते नको असतं. म्हणून पहिलं काम हे करा: जनावर आत घ्यायच्या आधी ते बाहेर कसं जाणार ते ठरवा.

त्यासाठी रजिस्टर लागतं. तारीख, कुठं सापडलं, कुणी आणलं, त्याचा मोबाईल, सही किंवा अंगठा. कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचा १२ आकडी नंबर. तो पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवला की पुष्कळदा मालक निघतो. शेवटचा रकाना "कसं जाणार". बरं करून मालकाकडं, नव्या घरी, का मरेपर्यंत इथंच. हा रकाना भरल्याशिवाय मी फाटक उघडत नाही. पहिल्या वर्षी एकानं "दोनच दिवस ठेवा काका" म्हणत म्हातारा बैल बांधला आणि गेला. दिलेला नंबर लागलाच नाही. आता आधी तिथंच उभं राहून रिंग देतो आणि समोरच्याच्या खिशात वाजली तरच लिहून घेतो.

सुरुवातीला ग्रामसभेचा ठराव लेखी घ्या. तोंडी परवानगी पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते. आमच्याकडं दगडी भिंत शाबूत होती, सावली नव्हती. वर्गणीतून पत्रे टाकले आणि एप्रिलमध्ये जनावरं पत्र्याखालून उठून भिंतीच्या सावलीला जाऊन बसली. पत्र्यावर उसाचं पाचट हातभर जाड पसरून तारेनं आवळलं, मग कुठं ती आत बसायला लागली. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला ५०-६० लिटर पाणी धरा. आधी पाण्याची सोय, मग चाऱ्याची. आमच्याकडं दुष्काळात चारा विकत मिळतो, पाणी मिळेलच असं नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे विसरू नका. कुत्र्यांची जागा वेगळी, मध्ये जाळी.

कडबा घ्यायचा तो ज्वारीची काढणी झाल्या झाल्या. मे महिन्यात शंभर पेंढ्यांचा भाव विचारायला गेलात तर मान खाली घालून परत याल. कुट्टी करून घाला, आख्खी पेंढी टाकली की निम्मी पायाखाली जाते. साखर कारखाने चालू असले की उसाचं वाढं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, स्वस्त मिळतं, पण नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका. वाढ्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, ओढतं. आम्ही वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतो आणि सोबत कडबा देतोच.

आता लग्नसराई. पंगत उठली की लोक पातेलंभर भात, बुंदी, पोळ्या घेऊन येतात. पुण्य हवं असतं, आणि फेकायचीही लाज वाटते. एकदा मी नव्हतो, पोरांनी सगळं घमेल्यात ओतलं. एका कालवडीनं मनसोक्त खाल्लं. रात्री पोट गच्च, रवंथ बंद, सकाळी पातळ हगवण, दुपारी गेली. शिजलेलं धान्य एकदम जास्त पोटात गेलं की आंबतं आणि त्याचं आम्ल अंगात भिनतं. तेव्हापासून फाटकावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: "पंगतीचं अन्न आणू नये, कडब्याचे पैसे द्यावे." काहींना राग आला. येऊ द्या.

सगळ्यात जास्त काम जखमेत पडलेल्या किड्यांचं. पावसाळ्यात तर रोज. आधी वास येतो, मग दिसतं की जखमेचं तोंड रुपयाएवढं आहे आणि आत हालचाल चाललीय. हातमोजे घाला. गाईचे पाय बांधा, एकानं डोकं धरा. भोवतीचे केस कापा. बादलीत पोटॅशियम परमँगनेटचे एक-दोन खडे टाका, पाणी फिकं गुलाबी हवं, जांभळं नको. त्यानं जखम धुवा. मग टर्पेंटाईनमध्ये भिजवलेली पट्टी आत खोचा आणि दहा मिनिटं थांबा. किडे शेपटीकडून श्वास घेतात. कोंडले की वर येतात. चिमट्यानं एकेक काढून रॉकेलच्या डब्यात टाका. जमिनीवर टाकलात तर मातीत शिरून त्यांच्या माशा होतात. घाई करू नका. संपले असं वाटलं की पाच मिनिटांनी पुन्हा बघा, आत कप्पा असतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. कुत्र्याला टर्पेंटाईन लावत नाही, ते चाटतं. त्याला तोंड बांधून डॉक्टरांनी दिलेला फवारा. जखम डोळ्याजवळ किंवा फार खोल असेल तर हात न लावता १९६२ ला फोन करा, फिरत्या पशुदवाखान्याचा नंबर आहे, फोनला पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र पाठ करा. गाय लाळ गाळतेय, पाणी गिळता येत नाही, घोगरं हंबरतेय. अशा वेळी जुनी माणसं म्हणतात घशात काहीतरी अडकलं, आणि कोपरापर्यंत हात घालतात. घालू नका. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या गुराचीही हीच लक्षणं असतात. दुसऱ्या वर्षी माझा हात बाही सरसावून तयार होता, डॉक्टर ओरडले म्हणून थांबलो. पण तिच्या तोंडाला आम्ही तिघांनी आधीच हात लावलेला होता, तिघांनीही इंजेक्शनं घेतली. चावा किंवा लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, तिखट, चुना काही नको. पुढच्या तारखा चुकवू नका, मी त्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरच लिहिल्या होत्या.

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग, आला तेव्हा नवीन जनावर घेणं बंद केलं. शिव्या खाल्ल्या. आतली वाचली.

दिवाळी झाली की आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर संसार चढतो, शेळ्या चढतात, कुत्रं बऱ्याचदा मागं पळत राहतं. पहिल्या साली मी अशी १४ कुत्री गोळा करून आणली. चूक झाली. आत भांडून एकमेकांना फाडली, आणि तिकडं कुलूपबंद वस्तीवर चोऱ्या झाल्या. आता दसऱ्याला वस्तीवर जातो, कोण कुत्रं नेणार ते विचारतो. जाणाऱ्या आणि राहणाऱ्या, दोन्ही कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतो. राहणाऱ्याला तिथंच ठेवतो आणि मागं राहिलेल्या एखाद्या म्हातारीला त्याच्या भाकरीचं पीठ पोचवतो. आत घेतो ती फक्त आई नसलेली पिल्लं. त्यांना दूध पालथं ठेवून पाजा, उताणं नाही, फुप्फुसात जातं. डोळे न उघडलेल्या पिल्लाला पाजल्यावर ओल्या कापसानं खालून पुसा, त्याशिवाय ते मुततच नाही.

किल्ल्या दोनच करा. एक माझ्याकडं, एक किराणा दुकानात. गेल्या वर्षी तिसरी एका कार्यकर्त्याला दिली होती. आठ दिवसांनी सकाळी वेबिलासारखी (एसटीत कंडक्टर तिकिटांचा हिशेब लिहितो तो कागद) मोजदाद केली, तर चार भाकड गाई आणि एक वासरू जास्त भरलं.