नेट नेमकं कुठे अडकतंय? ट्रेसरूट लावून बघा

‘नेट स्लो चालतंय’ एवढंच सांगितलं की केबलवाला राउटर बंद-चालू करायला लावतो. पॅकेट (नेटवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा) कुठपर्यंत बरं जातं आणि कुठून रखडतं, हे हातात असलं की तो खांबावर माणूस चढवतो. ट्रेसरूट ही कमांड तेच टप्प्याटप्प्याने दाखवते.

आधी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. वायफायवर पहिलाच आकडा खालीवर होतो, मग पुढचं काहीच नीट वाचता येत नाही. विंडोजवर सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून इंग्रजीत टी-आर-ए-सी-ई-आर-टी, स्पेस, -डी, स्पेस, ८.८.८.८ (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) टाइप करा. -डी नसेल तर वाटेतल्या प्रत्येक राउटरचं नाव शोधण्यात वेळ जातो. लिनक्सवर ट्रेसरूट ही कमांड, सोबत त्याच कामाचं -एन आणि तोच पत्ता. मात्र विंडोज आयसीएमपी प्रकारचं पॅकेट सोडतं आणि लिनक्स सहसा यूडीपी प्रकारचं. त्यामुळे एकाच लाइनवर दोघांची उत्तरं वेगळी आली तर गोंधळू नका.

प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आणि ज्याच्याकडे शून्य होतो तो पॅकेट टाकून देऊन तसं कळवतो. कमांड आधी १, मग २, असं ३० पर्यंत टीटीएल वाढवत जाते आणि दर वेळी तीन पॅकेट सोडते. म्हणून प्रत्येक ओळीत एकेका राउटरकडून उत्तर यायला लागलेल्या वेळेचे तीन आकडे दिसतात, मिलिसेकंदात.

पहिली ओळ घरच्या राउटरची, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारी. केबलवर इथे १-२ मिलिसेकंद हवेत. इथेच १५-२० आले तर दोष घरातच आहे. पुढे १० किंवा १०० ने सुरू होणारे पत्ते दिसले तर ते बहुधा ऑपरेटरच्या आतल्या जाळ्याचे.

किती वेळ रास्त, हे अंतरावरून ठरतं. समजा तुम्ही जळगावात आणि समोरचं मशीन मुंबईत: जळगाव-मुंबई रेल्वेने साधारण ४२० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद कुठेच गेले नाहीत. त्यात राउटरांचा वेळ धरून १०-१५ आले तर तक्रारीला जागा नाही. एरवी १२ येणारे अचानक ५० झाले, तर कुठेतरी जेसीबीने फायबर तोडलेली असू शकते आणि पॅकेट वळसा घालून जात असतं.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे (आधी ओळीचा क्रमांक, मग तीन वेळांचे मिलिसेकंद):

३ — ७, ८, ७
४ — १८१, ९५, २१०
५ — १२, १३, १२

चौथा राउटर बिघडलेला वाटतो, पण तो ठणठणीत आहे. पॅकेट पुढे ढकलणं हे त्याचं मुख्य काम. आपल्याला उत्तर देणं तो सवडीने करतो. मधल्या ओळीत नुसते तारे (*, म्हणजे उत्तर आलं नाही) आले तरी तेच, पुढच्या ओळी नीट असतील तर सोडून द्या. वाढलेला वेळ शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच दोष, आणि तो जिथून सुरू झाला तिथे किंवा त्याच्या जरा आधी शोधायचा. शेवटपर्यंत तारेच आले तर आधी साइट उघडते का ते बघा; उघडत असेल तर फायरवॉल (नको ती पॅकेट अडवणारी यंत्रणा) उत्तरं अडवतेय.

अजून एक अडचण: दिसते ती फक्त जातानाची वाट. उत्तर दुसऱ्याच वाटेने परत येऊ शकतं आणि तिथला उशीरही याच आकड्यात मिसळतो. समोरचं मशीन आपल्या ताब्यात असेल, तर तिथूनही उलटा ट्रेस काढा.

एकदा सकाळी सहाला आणि एकदा रात्री नऊला चालवा. सकाळी दुसऱ्या ओळीपासून ६ आणि रात्री तिथूनच शेवटपर्यंत ८० असतील, तर ऑपरेटरची लाइन गर्दीने भरतेय. राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, फरक पडणार नाही. दोन्ही वेळचा मजकूर कॉपी करून, तारीख-वेळ घालून केबलवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवा.