लेव्हल २ मॅथ्स: मी रंगाच्या डब्यांत अडकले

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि फंक्शनल स्किल्सला (रोजच्या वापरातल्या गणित आणि इंग्लिशची परीक्षा) बसायचं ठरवलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. लेव्हल १, लेव्हल २ काय असतं, ग्रेड नसतात, पास किंवा फेल एवढंच असतं आणि लेव्हल २ म्हणजे ढोबळमानाने जीसीएसईचा (इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा) ग्रेड ४, हे तुम्हाला माहितीये असं धरते. मी प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, पुढे एचएलटीए, म्हणजे वरच्या दर्जाची टीचिंग असिस्टंट, व्हायला दोन्ही विषयांत लेव्हल २ लागतं म्हणून बसले. बी.कॉम. झालंय माझं, दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे बत्तीस होते. आणि मॅथ्सला मी फेल झाले.

रिझल्ट आला तेव्हा मी मुलीचा डबा भरत होते. मेल वाचला, फोन पालथा ठेवला आणि पोळी तशीच हातात. घरी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अगं, पण तुला तर गणित येतं." तेच तर, गणित येतं म्हणूनच फेल झाले.

आता हे नीट समजावते, कारण माझ्या वर्गात आपल्याकडची अजून दोन माणसं ह्याच खड्ड्यात पडली.

मला अडकवणाऱ्या प्रश्नासारखाच एक घ्या, आकडे माझे. खोली ६ मीटर लांब, ४.५ मीटर रुंद, २.५ मीटर उंच. भिंतींना रंगाचे दोन हात द्यायचेत. दारं-खिडक्या मिळून ५.५ चौरस मीटर. एक लिटर रंग १२ चौरस मीटरला पुरतो, डबा अडीच लिटरचा, किंमत १८ पौंड. बजेट ७० पौंड. पुरेल का?

परिमिती २१, गुणिले २.५ म्हणजे ५२.५. दारं-खिडक्या वजा केल्या, ४७. दोन हात, ९४. भागिले १२, साधारण ७.८३ लिटर. भागिले अडीच, ३.१३ डबे. इथपर्यंत सगळं बरोबर. मग मी काय केलं, सरळ १८ ने गुणलं, ५६ पौंड ४० पेन्स आले, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

अहो, दुकानात ३.१३ डबे मिळतात का? चार घ्यावे लागतात. चार अठरे बहात्तर. बजेट ७०, म्हणजे पुरत नाही! माझं उत्तर नुसतं थोडं चुकलेलं नव्हतं, उलटंच होतं. वर "पुरेल" की "पुरणार नाही" हे मी लिहिलंच नव्हतं, आकडा दिला की उत्तर दिलं असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. ह्या परीक्षेत ७५ टक्के मार्क असल्या प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचे असतात आणि नुसत्या गणिती क्रियांचे २५. आपल्या शाळेत आपण ज्यात हुशार होतो तो भाग म्हणजे ते २५.

म्हणून प्रत्येक प्रश्नाचं शेवटचं वाक्य दोनदा वाचा. "बरोबर आहे का", "पुरेल का", "कुठला पर्याय स्वस्त" असं विचारलं असेल तर शेवटी शब्दांत एक वाक्य लिहायचंच, हो किंवा नाही आणि का. डबे, बस, टाइल्सचे बॉक्स, माणसं, हे अर्धे नसतात. आणि पायऱ्या दाखवा. मी अर्धं मनात करायचे, त्यामुळे जिथे मेथडचे मार्क मिळाले असते तिथे तपासणाऱ्याला दिसायला काहीच नव्हतं.

दुसरं थोडक्यात. किंमत २० टक्के उतरून ४८ पौंड झाली, मूळ किती? ४८ चे २० टक्के मिळवू नका, ५७.६० येईल आणि ते चूक. ४८ म्हणजे मूळचे ८० टक्के, म्हणून ६०. आणि दीड लाख लिहिताना स्वल्पविराम आपल्यासारखा नाही, १५०,००० असा.

घाबरू मात्र नका. कॅल्क्युलेटर नसलेला भाग २५ टक्के असतो, तिथे आपले पाढे जबरदस्त कामी येतात, माझ्याबरोबरचे इथले लोक त्याच भागाला रडत होते.

सरावाला २०१९ च्या आधीचे पेपर अजिबात वापरू नका. सप्टेंबर २०१९ पासून परीक्षा बदलली, आधी सगळीकडे कॅल्क्युलेटर चालायचा, म्हणजे तुम्ही वेगळ्याच परीक्षेची तयारी करत बसाल. आणि "सात दिवसांत गॅरंटीड पास" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, मला राग येतो ह्या लोकांचा, शिफ्ट करून दमलेल्या माणसाकडून पैसे घेतात. लेव्हल २ ला ५५ तासांचं शिकवणं धरलेलं असतं, ते उगाच नाही. क्वालिफिकेशन ऑफक्वालच्या (इथल्या परीक्षांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) रजिस्टरवर आहे का बघा, मगच पैसे भरा. त्याआधी कौन्सिलच्या अ‍ॅडल्ट लर्निंगला विचारा, १९ किंवा त्यावरच्या माणसाकडे ग्रेड ४ नसेल तर फी सरकार भरतं, पण व्हिसा आणि इथे राहिल्याची वर्षं बघतात. मला स्वतःलाच भरावी लागली. सुरुवातीच्या टेस्टनंतर लेव्हल १ ला बसवलं तर रुसू नका. ट्यूटर तोच चांगला जो तुमची वही हातात घेऊन वाचतो, व्हिडिओच्या लिंका पाठवणारा नव्हे.

इंग्लिशचे तीन भाग, रीडिंग, रायटिंग आणि बोलणं-ऐकणं, तिन्ही पास व्हावे लागतात. रायटिंगला डिक्शनरी नाही, स्पेलचेक नाही. आपलं ऑफिसचं इंग्लिश इथे अंगाशी येतं. मी सरावाच्या पत्रात "आय पास्ड आउट इन २००४" लिहिलं, ट्यूटरने हळूच विचारलं, बरी होतीस ना? इथे त्याचा अर्थ बेशुद्ध पडले. "डू द नीडफुल"ही सोडा. बोलण्याच्या भागात चर्चेत नुसती मान डोलावू नका, दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं असेल तर खोडा, चर्चेत भाग घेता का, तेच बघतात.

हे कशासाठी करताय ते आधी ठरवा. क्वालिफाइड टीचर व्हायचं असेल तर जीसीएसईच करा, टीचर ट्रेनिंगला बहुतेक ठिकाणी फंक्शनल स्किल्स धरत नाहीत. अप्रेंटिसशिप करणाऱ्या, म्हणजे नोकरी करत शिकणाऱ्या, १९ किंवा त्यावरच्यांना फेब्रुवारी २०२५ पासून एम्प्लॉयर तयार असेल तर हे न करताही ती पूर्ण करता येते. तरी मी म्हणेन करा, कारण ह्या एम्प्लॉयरने सोडलं तरी पुढचा मागू शकतो.

फेल झालात तर सेंटरकडून कुठे मार्क गेले त्याचा फीडबॅक मागून घ्या, मागितल्याशिवाय मला कुणी दिला नव्हता. त्यात एकच ओळ सारखी येत होती, निष्कर्ष लिहिलेला नाही. दुसऱ्यांदा बसले तेव्हा मी पेपर उलटण्याआधी कच्च्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "चार डबे". पास झाले.